ओझे कुणाच्या खांद्यावर?



एक साधा प्रश्न विचारतो. आपण आळंदीहून पंढरीपर्यंत पायी गेलात. सुमारे २५० किलोमीटरची वाट पायांखाली घातलीत. मग आपली वळकटी, धोतरजोडी, तांब्या आणि औषधाची पिशवी पंढरीला कशी पोहोचली? ती आपल्या पाठीवर नव्हती. पाठीवर असती तर हातात टाळ राहिला नसता. ती कुणीतरी नेली. आपण मुक्कामाला पोहोचण्याआधी कुणीतरी ती ट्रकमधून उतरवली, राहुटी ठोकली, चूल पेटवली. त्या माणसाचे नाव आपल्याला ठाऊक आहे का?

हा प्रश्न मला डोंगराने घातला. तो पाठ सोडत नाही, म्हणून आपल्यापुढे ठेवतो.

मी नेऱ्याचा. पनवेलहून मालडुंग्याच्या रस्त्याला लागले की आमचे गाव. शांतिवनामुळे पुष्कळांना नेरे ठाऊक आहे. आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षे काढली आणि पुढे पन्नास वर्षे नारदाच्या गादीवर उभा राहिलो. आता गळा थकला, गुडघेही थकले. ओटीवर बसून नामस्मरण करतो. समोर माथेरानची रांग, तिच्या अलीकडे प्रबळगड आणि त्याला खेटून कलावंतिणीचा सुळका. शनिवार आला की पाठीवर पिशव्या बांधलेली मुलेमुली डोंगराकडे निघतात. कुणी शेडुंगवरून ठाकूरवाडीला जातात, कुणी आमच्या गावावरून धोदाणीला. ह्याला ती मुले ट्रेक म्हणतात. रात्रीचा मुक्काम प्रबळमाचीवर करायचा, दुसऱ्या दिवशी गड आणि सुळका पाहून उतरायचे. याहून मोठे ट्रेकही असतात. १३ जुलै १६६० च्या पावनखिंडीच्या स्मरणार्थ दर जुलैत पन्हाळगड ते विशाळगड अशी चाल होते. भर पावसात, चिखल तुडवीत, वाटेतल्या वाड्यांवर मुक्काम करीत मंडळी दोन-तीन दिवस चालतात. तीही एक वारीच म्हणा.

प्रबळमाचीवर ठाकर समाजाची घरे आहेत. आलेल्यांना पिठले-भाकरी वाढणे, निजायला तंबू देणे आणि वर वाट दाखवायला जाणे, यावर त्यांतल्या पुष्कळ घरांचा चरितार्थ चालतो. त्या माचीवरच्या एका तरुणाची बहीण आमच्याकडे दिली आहे. एकादशीला तो इकडे असला की भजनाला येतो. टाळ नेटका धरतो. एकदा भजन संपल्यावर मी त्याला म्हटले, "तू वाटाड्या म्हणून जातोस म्हणजे नेमके काय करतोस ते सांग."

तो म्हणाला, "पहिलं म्हणजे पाय बघतो, महाराज. कुणाच्या पायात काय आहे, कोण कसा श्वास घेतो. दहा मिनिटं चाललं की कळतं, यातला हळू कोण. मग त्याला माझ्या लगेच मागं घेतो."

"मागे का? हळू चालणारा शेवटी असतो."

"शेवटी ठेवला की तो खचतो. बाकीचे बसून दम खातात, हा पोहोचतो, की ते उठून चालायला लागतात. त्याला बसायलाच मिळत नाही. माझ्या मागं असला की सगळी रांग त्याच्या चालीनं येते."

हे कुठे शिकलास, असे विचारले तर म्हणाला, "गुरं राखताना. दमलेलं वासरू पुढं घ्यायचं."

माउली, मी ग्रंथ वाचले, निरूपणे केली. पण संघ कसा चालवावा याचे इतके थोडक्यात सांगणे मी फार ऐकले नाही. सुळक्याच्या पायऱ्या कातळात कोरलेल्या, दोन्ही बाजूंना कठडा नाही. उतरताना तोंड कातळाकडे करून, एकेकाने, हात मोकळे ठेवून उतरायचे. धुके दाटले, दगड निसरडा झाला, तर वर जायचे नाही. पैसे मोजून आलेली मंडळी हुज्जत घालतात, तरी "आज नाही" हे त्यालाच सांगावे लागते. आणि कुणी दमला तर त्याची पिशवी हा आपल्या खांद्यावर घेतो. आपली असतेच, त्यावर ती दुसरी. वर पोहोचल्यावर सगळे फोटो काढतात. तेव्हा त्याला म्हणतात, "दादा, जरा बाजूला व्हा." हे तो हसत सांगत होता. मला हसू आले नाही.

आता थोडे लांब जाऊ. माझी नात अमेरिकेत असते. गेल्या वर्षी ती दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात आंदीज नावाच्या पर्वतात चार दिवस चालून आली. आपल्याकडे आली तेव्हा तिने रोज संध्याकाळी मला त्या वाटेची हकिगत सांगितली. इंका राजांच्या काळातली दगडी फरसबंदीची वाट, सुमारे ४३ किलोमीटर, शेवटी माचू पिच्चू हे डोंगरमाथ्यावरचे प्राचीन नगर. आधी कुस्को नावाच्या शहरात दोन दिवस नुसते राहायचे, कारण ते शहरच ३४०० मीटर उंचीवर आहे. आपले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे तिथली माणसे कळसूबाईच्या दुप्पट उंचीवर संसार करतात. वाटेवरची सर्वांत उंच खिंड ४२१५ मीटरवर. तिथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या मानाने सुमारे ६० टक्केच. जो जोरात चढतो त्याचे डोके धरते, अन्न नकोसे होते. वाटाड्याचे सांगणे एकच, सावकाश चला. तिथले लोक कोकाची पाने चघळतात आणि पाहुण्यांना त्याचा चहा देतात.

ह्या वाटेवर वाटाड्याशिवाय जाता येत नाही. तसा नियमच आहे. रोज ५०० माणसांनाच सोडतात, आणि ह्या ५०० मध्ये वाटाडे, स्वयंपाकी आणि भारवाहू धरलेले असतात. फेब्रुवारीत वाट बंद ठेवतात, डागडुजी करतात. तंबू, भांडी, गॅस, शिधा, सगळे माणसांच्या पाठीवरून जाते. हे भारवाहू आसपासच्या खेड्यांतले शेतकरी, केचुआ भाषा बोलणारे. पाहुणे उठून निघाले की हे मागे राहून तंबू उतरवतात, सगळे बांधतात आणि वाटेतच पाहुण्यांना मागे टाकून पळत पुढे जातात. पाहुणे पोहोचतात तेव्हा तंबू उभा आणि चहा तयार.

ऐकताना मला आपला तळ दिसत होता. दुपारचा विसावा आटोपून आपण निघतो आणि आपल्या दिंडीचा ट्रक धूळ उडवीत शेजारून जातो, तो हाच प्रकार.

पूर्वी त्या भारवाहूंच्या पाठीवर कितीही ओझे लादत. म्हणून २००१ साली पेरूने त्यांच्यासाठी वेगळा कायदा केला. एका माणसाने २० किलोपेक्षा जास्त वाहायचे नाही. वाटेच्या तोंडाशी काटा आहे. प्रत्येक भारवाहूचे ओझे तिथे तोलतात. नात म्हणाली, "आजोबा, तिथं उभं राहून मी माझी पिशवी उघडली. मला चार दिवसांत न लागणाऱ्या किती वस्तू दुसऱ्याच्या पाठीवर होत्या, ते काट्यावर दिसलं."

पहिल्या रात्री जेवणानंतर वाटाड्याने सगळ्यांना गोल उभे केले. भारवाहूंनी एकेक करून आपले नाव, गाव, मुले किती हे सांगितले. मग पाहुण्यांनी सांगितले. त्यांत एक जण साठीच्या घरातला होता, टायरच्या रबराच्या वहाणा घातलेला. नात म्हणाली, दुसऱ्या दिवशी खिंड चढताना तो शेजारून गेला तेव्हा तिने त्याला नावाने हाक मारली, आणि तो मागे वळून हसला.

हे सारे परदेशातले म्हणून सोडून देऊ नका. आमच्या डोंगराचेच पाहा. धोदाणीहून चढून गेले की माथेरान. तिथे मोटारींना बंदी, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या माणसाने माणसाला हातरिक्षात बसवून ओढले. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा माणुसकीला धरून नाही असे सांगून सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देण्याचा आदेश दिला. डोंगर इथला असो की तिथला, वर जाणाऱ्याची हौस आणि वाहणाऱ्याची पाठ ह्यांचा हिशेब कधीतरी मांडावाच लागतो.

आणि वाट दाखवणाऱ्याचा? माचू पिच्चूची जगाला ओळख करून दिली ती हायरम बिंगहॅम नावाच्या अमेरिकन अध्यापकाने. २४ जुलै १९११ रोजी तो तिथे पोहोचला. पण त्याला वर नेले मेल्चोर आर्तेआगा ह्या तिथल्या शेतकऱ्याने, आणि वर राहणाऱ्या कुटुंबांतल्या एका लहान मुलाने बोट धरून भिंती दाखवल्या. ते लोक तिथे शेती करीतच होते. नाव मात्र बिंगहॅमचे गाजले.

आपल्या बोरघाटाची गोष्टही अशीच सांगतात. कार्तिकीला आम्ही कोकणची मंडळी आळंदीला पायी जातो, तेव्हा घाटात शिंग्रोबाचे देऊळ लागते. इंग्रजांना घाटातून रस्ता कसा न्यावा ते कळेना. शिंग्रोबा नावाच्या धनगराने गुरांची वाट दाखवली. बक्षीस काय हवे विचारले, तर म्हणाला, माझ्या मुलखाला स्वातंत्र्य द्या. आणि साहेबाने त्याला गोळी घातली. ही लोककथा आहे, तिची कागदपत्रे मी मागत नाही. पण घाटातला ट्रकवाला आजही तिथे नाणे टाकून पुढे जातो, ते वाट दाखवणाऱ्याचे ऋण मानतो म्हणून.

आपल्या संप्रदायाला तर वाटाड्याचे महत्त्व सांगायला नको. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघ आडवा आला, लहानगे निवृत्तिनाथ आईवडिलांपासून चुकले, आणि गुहेत गहिनीनाथ भेटले. वाट चुकलेल्या मुलाला वाट दाखवणारा भेटला, तिथून आपली परंपरा सुरू झाली. म्हणून गुरूला आपण मानतो. पण भार वाहणाऱ्याला?

त्याचेही उत्तर आपल्याच घरात आहे. पैठणला नाथांच्या घरी श्रीखंड्या नावाचा गडी राहिला. बारा वर्षे त्याने कावडीने गोदावरीचे पाणी आणून रांजण भरला. कुणी त्याला विशेष पाहिले नाही. पाणी भरणाऱ्याकडे कोण पाहतो? मग द्वारकेहून एक भक्त देवाला शोधत आला आणि श्रीखंड्या कुठे आहे म्हणून विचारू लागला, तोवर श्रीखंड्या गेला होता. महिपतीबुवांनी ही कथा सांगितली आहे. नाथ कळवळले, की ज्याची सेवा करायची त्याच्याकडून आपण सेवा घेतली. तो रांजण पैठणला आजही दाखवतात, नाथषष्ठीच्या आधी भाविक तो भरतात. मी ही कथा कीर्तनात अनेकदा लावली. लोक डोळे पुसत. पण कीर्तन चालू असताना मंडपामागे चुलीवर जो भाताचे पातेले ढवळत असे, त्याला ती ऐकू जात असे की नाही, हा विचार मला आता ओटीवर बसल्यावर सुचतो.

मागे गावात एका लग्नाला एक आचारी आला होता. बोलता बोलता निघाले, की तो तेरा वर्षे एका दिंडीबरोबर आषाढीला जातो. मी म्हटले, "भाग्यवान आहेस. तेरा वाऱ्या झाल्या." तो म्हणाला, "पंढरपूर पाहिलंय महाराज, पण तळावरनं. दशमीला तीनशे पानं, एकादशीला तीनशे माणसांचं फराळाचं, बारशीला पारणं. चंद्रभागेत पाय बुडवायचेच राहिलेत." दिंडीचे नाव मी सांगत नाही. सांगून काय उपयोग? आपण आपल्याच दिंडीत विचारावे.

आपल्याकडे न्यायाची फार सुंदर रीत आहे. रात्री तळावर समाजआरतीला चोपदार दंड वर करतात आणि एवढा मोठा समाज एका क्षणात शांत होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तिथे जातात, गाऱ्हाणे ऐकतात, निवाडा होतो. हैबतबाबा आरफळकरांनी बसवून दिलेल्या सोहळ्याची ही शिस्त जगाने पाहण्यासारखी आहे. पण माउली, आचाऱ्याच्या हातात टाळ नसतो. ट्रकच्या चालकाच्या हातात नसतो. राहुट्या ठोकणाऱ्या पोरांच्या हातात नसतो. त्यांना सांगायचे असेल तर ते काय वाजवणार? झारा?

एक जुने विणेकरी ह्यावर मला म्हणाले, "महाराज, त्यांना आपण भिशीतून पैसे देतो. फुकट का वाहतात?" त्यांचे म्हणणे खोटे नाही. पैसे द्यावेत, चोख द्यावेत, वेळेवर द्यावेत. माचीवरच्या पोरालाही घासाघीस न करता द्यावेत, कारण पावसाळ्यातल्या चार शनिवारांवर त्याचे पुष्कळ अवलंबून असते. आणि कित्येक दिंड्यांत वाढपी, आचारी स्वतः वारकरीच असतात, पाळीपाळीने काम करतात, हेही मी पाहिले आहे. पण मजुरीने हिशेब मिटतो. आपण वारीला हिशेबासाठी जात नाही. जो आपले ओझे वाहतो त्यालाही कुठेतरी पोहोचायचे असते, हे लक्षात ठेवायचे.

नातीने मला शेवटी सांगितलेली गोष्ट ह्याच अर्थाची. त्या भारवाहूंच्या मुलखात कुस्कोच्या पूर्वेला बर्फाच्या डोंगराखाली एक मोठी यात्रा भरते. कोयुर रिती असे काहीसे नाव. ईस्टरनंतर ५८ दिवसांनी सुरू होते. गावोगावचे लोक ढोल, बासरी घेऊन, नाचत, देवाची मूर्ती घेऊन डोंगर चढतात. सुमारे ९०,००० माणसे जमतात. २०११ साली युनेस्कोने तिला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. पूर्वी ते हिमनदीतून बर्फाचे तुकडे पाठीवर घेऊन खाली आणीत. औषधी म्हणून गावात वाटीत. आता बर्फ आटत चालला, तेव्हा त्यांनी आपणहून ते तोडणे थांबवले. म्हणजे पाहा, चार दिवस पाहुण्यांचे तंबू वाहणारा तो माणूस ज्या मुलखातला, तिथे गावेच्या गावे वारी करतात. कदाचित त्याच्याही घरी टाळासारखे काही खुंटीला टांगलेले असेल. पाहुण्याने त्याला नुसते ओझ्याचे जनावर समजावे का?

आता मी काही मागतो. कीर्तनकाराची दक्षिणा समजा.

यंदा कार्तिकीला निघताना आपली पिशवी घरी काट्यावर ठेवा. किती किलो झाली ते पाहा आणि जे लागणार नाही ते काढून ठेवा. पहिल्या मुक्कामी आचारी, चालक, राहुटी ठोकणारे यांना टाळकऱ्यांबरोबर गोल उभे करून एकमेकांची नावे सांगा. फार तर पाव तास लागेल. हरिपाठाला त्यांच्यापैकी दोघांना तरी रोज हात मोकळा मिळावा म्हणून दोन टाळकऱ्यांनी भाजी चिरायला बसावे. एकादशीला त्यांची चंद्रभागा आणि कळसाचे दर्शन चुकू नये म्हणून दिंडीचालकांनी पाळी लावावी. आळंदीत इंद्रायणीलाही तीच पाळी. वाटेत हळू चालणाऱ्या म्हाताऱ्याला विण्यामागे पहिल्या ओळीत घ्या. त्याच्या चालीने दिंडी चालली तर मुक्कामाला अर्धा तास उशीर होईल, एवढेच.

आणि आपली मुले डोंगरात जाणार असतील तर त्यांना सांगा, माचीवरचा वाटाड्या बरोबर घ्या, त्याने "आज नाही" म्हटले तर ऐका, आणि वर फोटो काढताना त्याला बाजूला करू नका. मधे उभा करा.

रामकृष्णहरी.